बारावीच्या मुलांच्या हातात पक्कड द्या : वायरिंग संचांसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या कॉलेजच्या एमसीव्हीसी (अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम) विभागाचं वर्कशॉप तुम्हीच उभं केलं. टेबलं, भिंतीवरचे सरावाचे बोर्ड, पहिला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर), सगळं तुमच्याच देणगीतून आलं. इतवारीच्या हार्डवेअरवाल्या काकाजींनी तर वर्षानुवर्षं स्विच-होल्डरची खोकी पाठवली आणि बिलाचा विषय कधी काढला नाही. महालातले निवृत्त लाइनमन काकाजी दर शनिवारी येत. ढिला जॉइंट दिसला की सोडायला लावून पुन्हा मारून घेत. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज हिंगणा एमआयडीसीत आणि बुटीबोरीत पॅनल बसवताहेत. दोघांचेही उपकार आपलं माजी विद्यार्थी मंडळ विसरणार नाही.

कोरोनामुळे मार्च २०२० पासून वर्कशॉपला कुलूप आहे. थिअरी मोबाइलवर होते, वायर सोलणं होत नाही. यंदा, २०२१ मध्ये, बारावीची परीक्षा रद्द झाली, गुणपत्रिका मिळेलच. पण जिन्याची वायरिंग (एकच दिवा वरून-खालून दोन स्विचनी) न येणाऱ्या मुलाला कोणता ठेकेदार साइटवर घेईल?

म्हणून घरी नेता येणारा संच ठरवला आहे. तो १२ व्होल्टवर चालतो. घरी एकट्या मुलानं २३० व्होल्टला हात लावणं आम्हाला मान्य नाही. दीड बाय सव्वा फूट प्लायवूड, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, दोन टू-वे व एक वन-वे स्विच, दोन होल्डर, १२ व्होल्टचे ५ वॉटचे दोन एलईडी बल्ब, १ चौरस मिमी वायर तीन रंगांत पाच-पाच मीटर, स्ट्रिपर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर. टेस्टर मुद्दाम वगळला, त्यातला निऑन १२ व्होल्टवर पेटतच नाही. पॉझिटिव्हवर १ अँपिअरचा काचेचा फ्यूज आणि जोडीला दहा सुटे. सुरुवातीला शॉर्ट होणारच, तेव्हा फ्यूज उडावा, अडॅप्टर वाचावा.

चुका ठरलेल्या असतात. वायर सोलताना आतल्या १४ बारीक तारांतल्या दोन-तीन तुटतात, मग लोड आला की तिथंच गरम होतं. टू-वे स्विचचा कॉमन (सामाईक) टर्मिनल चुकला की एक स्विच ठराविक बाजूला असेल तरच दुसऱ्यानं दिवा लागतो. सगळ्यात घातक म्हणजे स्विच न्यूट्रलमध्ये (या संचात निगेटिव्हमध्ये) टाकणं, कारण दिवा बरोबर लागतो-विझतो आणि चूक दिसत नाही. त्यासाठी स्विच बंद ठेवून, बल्ब जागेवर असताना, मल्टिमीटरची काळी पिन अडॅप्टरच्या निगेटिव्हला आणि लाल पिन होल्डरच्या दोन्ही टर्मिनलना आळीपाळीनं लावायची. शून्य आलं तर ठीक. १२ दाखवले तर स्विच चुकीच्या वायरवर आहे. खऱ्या घरात हाच होल्डर बल्ब बदलणाऱ्याला शॉक देतो. शिकवणारे सर हे रीडिंग व्हिडिओ कॉलवर बघूनच पुढचं काम देतील.

गेल्या वर्षीही हात पसरले होते. 'कॉलेजच बंद, मग सामान कशाला?' असं आपल्याच माणसांकडून ऐकलं. वाईट वाटलं. कॉलेज बंद आहे म्हणूनच तर सामान हवं.

एका संचाला अंदाजे १,७०० रुपये, संच ४० हवेत. पूर्ण, अर्धा, जमेल तेवढा द्या. चालू स्थितीतली जुनी पक्कड, मल्टिमीटरही चालेल. जुनी वायर नको, तिचं इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. चेक मंडळाच्या नावानं, रोख कोषाध्यक्षांकडे, पावती लगेच. कोरोनाच्या निर्बंधांमुळे दुकानं दुपारी ४ ला बंद होतात, बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातली खरेदी सकाळीच करावी लागते. तेव्हा ३१ जुलैच्या आत कळवा. सामान पोहोचवायला दुचाकीवाले चार जण हवेत, पारडी आणि वाडीकडचे आधी.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ, नागपूर
जुलै २०२१