पेटंटची बातमी छापता, पण पेटंट कशाचं ते पण सांगा ना

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका इंजिनिअरची बातमी होती, ऑप्टिकल केबल आणि पृष्ठभागावरची घाण ओळखणे अशा दोन विषयांत त्यांची पेटंटं आहेत म्हणून. शाल, श्रीफळ, मंचावर कोण कोण बसले होते सगळं आलं, पण त्यांनी नेमकं केलं काय याची एक ओळ नाही. मी बावीस वर्षं झाली नागपुरात फायबर, म्हणजे इंटरनेटच्या काचेच्या तारा, जोडतो, इतवारीच्या गल्ल्यांपासून हिंगणा एमआयडीसीपर्यंत, म्हणून बातमी दोनदा वाचली, हाती काहीच लागलं नाही.

लोक म्हणतील केबलचा अन् घाणीचा काय संबंध. अहो, तोच तर सगळा संबंध आहे. सिंगल मोड फायबरची, म्हणजे उजेडाला एकच वाट असलेल्या तारेची, काच 125 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि उजेड ज्यातून जातो तो मधला गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. कनेक्टरच्या, म्हणजे तारेच्या टोकाच्या जोडाच्या, तोंडावर धुळीचा एक कण बरोबर मधात बसला की लाइन गेली. मागच्या मे महिन्यात धंतोलीत एका दवाखान्याची लाइन बंद पडली, गच्चीवर पत्र्याखाली बसून मी पिगटेल (कनेक्टर लावलेला तारेचा तुकडा) बदलली, पुन्हा स्प्लाइस मारला, म्हणजे दोन तारा वितळवून जोडल्या, ओटीडीआर (तारेत दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) लावला, तीन तास गेले अन् उजेड मोजणारा पॉवर मीटर आपला उणे 31 डीबीएमवरच, आकडा जितका खाली तितका उजेड कमी. शेवटी सोबतच्या पोरानं कनेक्टर स्कोपखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, धरला तर तोंडावर तेलकट ठसा, माझ्याच बोटाचा असणार. अल्कोहोलनं पुसला, रीडिंग उणे 19. दवाखानेवाले चहा पाजून राहिले होते अन् मला मान वर करायची लाज वाटून राहिली होती.

तेलाचा पातळ थर नुसत्या डोळ्याला दिसतच नाही हो. पेंटिंगवाले पत्र्यावर पाणी सोडून पाहतात, पाणी सलग पसरलं तर पत्रा साफ, फुटून थेंब झाले तर तेल आहे. याच्यापुढची एक पद्धत म्हणजे धातूवर अल्ट्राव्हायोलेट उजेड टाकायचा, त्यानं पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन सुटतात, त्याचा बारीकसा करंट मोजायचा, वर ग्रीस असलं की करंट पडतो. हात लावायचं कामच नाही. नासानं स्पेस शटलच्या घन इंधनाच्या रॉकेटच्या पोलादी कवचावर हे वापरलं, कारण ग्रीस राहिलं तर आतला चिकटवलेला थर सुटू शकते. आता या साहेबांचं काम यातलंच आहे का वेगळं आहे, हे मला तुमच्या बातमीतून कळायला नको का?

दुसरं म्हणजे 'पेटंट मिळालं' हा शब्द तुम्ही लई सहज वापरता. अर्ज टाकला की पेटंट मिळत नाही, साधारण 18 महिन्यांनी अर्ज नुसता प्रसिद्ध होतो, तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, ती पार पडली तरच ग्रँट, म्हणजे खरं पेटंट, अन् मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, ती पण फी भरत राहिलात तर. कित्येक जण तर डिझाइन नोंदवतात अन् पेटंट म्हणून सांगतात, त्यात फक्त वस्तूचं दिसणं राखून राहते, आतली करामत नाही. अन् हे विचारायला तुमच्या वार्ताहराला मुंबईच्या पेटंट ऑफिसात जायची पण गरज नाही, सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे हेच शिकवतात.

माझी मागणी एवढीच की अशा बातमीत अर्जाचा किंवा पेटंटचा नंबर छापा, आणि दावा काय आहे, म्हणजे नवीन काय केलं म्हणतात, ते दोन ओळीत लिहा. नंबर असला की सरकारी वेबसाइटवर कोणीही फुकटात काढून वाचू शकते. परवाची बातमी मी कापून स्प्लायसिंग मशीनच्या पेटीत ठेवली आहे, नंबर छापला तर त्याच्याच खाली लिहून घेतो.

— एक फायबर जोडणारा, नागपूर