बंद म्हणजे पूर्ण नव्हे

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की मी मिकी माउसकडे कामाला आहे असं सगळ्या सोसायटीला सांगून झालंय. तसं नाही गं, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे. बाबा, तुम्हाला एका वाक्यात कळेल. इथल्या डिस्ने वर्ल्ड पार्कच्या हद्दीतले बांधकाम परवाने जे कार्यालय देतं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवणाऱ्या टीममध्ये मी आहे. आवक, छाननी, त्रुटीपत्र, मंजुरी, तपासण्या, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. तुम्ही तीस वर्षं पालिकेत केलंत तेच, फक्त स्क्रीनवर.

ऑरलँडोच्या नैऋत्येला डिस्नेची जमीन आहे, त्या भागासाठी वेगळा खास जिल्हा आहे, सुमारे 25,000 एकरांचा. आपल्याकडे एमआयडीसी आपल्या हद्दीत स्वतः नकाशे मंजूर करते ना, थोडंसं तसं. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने 1967 साली कायदा करून तो स्थापला, तेव्हा त्याचं नाव रीडी क्रीक. रस्ते, सांडपाणी, अग्निशमन, बांधकाम परवाने, सगळं त्याच्याकडे. त्याचं मंडळ तिथले जमीनमालकच निवडून द्यायचे, एकराला एक मत, आणि जमीन जवळपास सगळी कंपनीचीच. 2023 मध्ये राज्याने कायदा बदलला. आता नाव सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट, आणि पाच जणांचं मंडळ गव्हर्नर नेमतात. त्यावरून कोर्टकचेरी झाली, 2024 मध्ये समझोता झाला. तो विषय मी इथेच सोडते. मंडळ कोणाचंही असो, सळई मोजायला कोणीतरी जावंच लागतं.

बांधकामाची नियमावलीसुद्धा त्यांची स्वतःची, एपकॉट बिल्डिंग कोड. वॉल्ट डिस्नेंना इथे नव्या साहित्याने, नव्या पद्धतीने उभं केलेलं एपकॉट नावाचं एक शहर हवं होतं. ते डिसेंबर 1966 मध्ये गेले, ते शहर काही झालं नाही, पण नियमावली राहिली. आणि ती लागतेच. आई, तू टीव्हीवर बघतेस तो सिंड्रेलाचा किल्ला 189 फूट उंच आहे आणि त्यात वीट एकही नाही. आत लोखंड आणि काँक्रीट, दगडासारखं दिसतं ते बरंचसं फायबरग्लास. बाबा, हे तुम्ही फॉर्मच्या कुठल्या रकान्यात टाकाल? निवासी, वाणिज्य, औद्योगिक? असल्या प्रश्नांवर आमच्या बैठका तास तास चालतात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. इथे जमिनीत पाणी फार वर आहे, तळघर खोदायची सोय नाही. म्हणून मॅजिक किंगडममधले कामगारांचे बोगदे जमिनीवरच बांधले आणि समोरच्या तळ्यातून उपसलेली माती भोवती भरली. लोक ज्या रस्त्यावरून किल्ल्याकडे चालत जातात तो खरं तर पहिला मजला आहे! मी पहिल्यांदा गेले तेव्हा पायाखाली बघतच चालत होते.

आता जे सांगायचं होतं ते. जुन्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं काम माझ्याकडे आहे. जुन्या परवान्यांवर अवस्था लिहिलेली असते, त्यातली एक ‘बंद’. मी सरळ धरून चालले की बंद म्हणजे काम पूर्ण, आणि अशा सगळ्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमधल्या ‘पूर्ण’ला जोडून टाकल्या. चाचणीच्या दिवशी एक ज्येष्ठ तपासनीस शेजारी बसले होते. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. एका नोंदीवर बोट ठेवून ते म्हणाले, “हे पूर्ण कसं? मी गेलो होतो तिथे. जमिनीत चार खुंट्या होत्या फक्त.” परवाना मुदत संपून बंद झाला होता. काम कधी सुरूच झालं नव्हतं.

खुंट्यांचं एक वेळ चालेल, पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच विचाराने. अर्धवट वायरिंग झालेलं, शेवटची तपासणी न झालेलं काम माझ्या यादीत हिरव्या रंगात ‘पूर्ण’ दिसलं असतं. पाच वर्षांनी कोणी त्याच भिंतीमागे नवं काम काढलं असतं तर स्क्रीनवर विश्वास ठेवूनच काढलं असतं ना?

बाबा, मला आपल्या पेठेतला तो दवाखान्याचा स्लॅब आठवला. मी चौथीत होते, तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून नेलं होतं. ठेकेदार चहा घेऊन पुढे पुढे करत होता आणि तुम्ही टेप लावून कॉलममधल्या लोखंडी रिंगा मोजत होतात. दोन रिंगांमधलं अंतर हवं त्यापेक्षा जास्त भरलं. संध्याकाळ झाली होती, काँक्रीटची तयारी झाली होती, तरी तुम्ही सही केली नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणालात, “एकदा काँक्रीट पडलं की आतलं कोणाला दिसणार?”

दुसऱ्या दिवशी मी सगळी जोडणी मोडली. आता ‘बंद’ या शब्दावर काहीच ठरत नाही. अंतिम तपासणीची तारीख आणि तपासनीसाचं नाव असेल तरच नोंद ‘पूर्ण’ होते. नसेल तर ती बाजूला निघते आणि माणूस बघतो. रोज दुपारी दोन तास मी आणि ते तपासनीस एकेक नोंद उघडतो. यामुळे काम लांबलंय, आणि तो वेळ मी मागून घेतलाय.

त्यांच्याबरोबर साइटवरही गेले. पायाच्या खोदाईत घोटाभर पाणी, पंप चालू, ऊन असं की टॅबलेटवर काही दिसेना. घामाच्या बोटाने ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ ही शेजारशेजारची बटणं ते तीनदा चुकले. परत येऊन मी दोन्ही बटणं एकमेकांपासून लांब नेली, मोठी केली, आणि नेटवर्क नसलं तरी शेरा टॅबलेटवरच राहील अशी सोय मागितली.

बाबा, तुमच्या जुन्या तपासणीच्या डायऱ्या माळ्यावर आहेत ना? दोन-तीन पानांचे फोटो पाठवा. शेरा कसा लिहायचात, आधी काय, मग काय, ते मला बघायचंय. मात्र माळ्यावर तुम्ही चढू नका, दादाला सांगा.

आई, गुडघ्याची पट्टी बांधतेस का? खरं सांग.

तुमची,
मनू