यंदाचा मे सोमनाथला

ती. आई-बाबांस,
सा. न.

मे महिन्यात घरी येत नाहीये. रजा मंजूर झाली, बल्लारशाचं तिकीटही काढलंय. बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पातल्या श्रमसंस्कार छावणीला चालले आहे, या खेपेस शिबिरार्थी म्हणून नाही, स्वयंपाकघरात मदतीला. छावणी १५ ते २२ मे, पण शिधा निवडण्यापासून कामं असतात, म्हणून आधीच जाते.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणूनच धीर झाला. नाहीतर विचारसुद्धा केला नसता, खरंच.

आई, तू म्हणशील, चंद्रपूरच्या ४५ अंशांत कशाला मरायला जायचं? अगं, श्रमदान सकाळी ऊन तापायच्या आत उरकतं. माठाचं गार पाणी असतं, झोपायच्या खोलीत पंखा आहे, कांदा मी पिशवीत ठेवीन.

मागच्या वेळी पहिल्याच पंगतीत एका आजोबांनी मला भात वाढला. कुष्ठरोगाने हाताची बोटं झडलेली. डावाचा दांडा अंगठ्याच्या बेचक्यात धरून वाढत होते, पण एक शीत खाली सांडलं नाही. "घे बेटा, आपल्याच बांधीतला आहे," म्हणाले. १९६७ पासून बाबा आमट्यांनी आणि या माणसांनी ती रानातली जमीन लागवडीखाली आणली. ज्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, त्यांनी पिकवलेला भात कुठकुठची पोरं एका ओळीत बसून खातात आणि आपापलं ताट घासून ठेवतात. त्या पंगतीत एकदा तरी वाढायला उभं राहावं, असं तेव्हापासून मनात आहे.

लागण होईल ही भीती मनातून काढून टाक. औषध सुरू झालं की हा आजार पसरत नाही, आणि ही माणसं तर केव्हाच बरी झालीत. कोनाड्यातल्या त्या कान तुटलेल्या कपाचं मी काही म्हणत नाही. आजीपुढे तुझं काय चालणार होतं? पण त्यातला चहाही तू आमच्याइतकाच आलं घालून द्यायचीस, ते मी बघितलंय.

जूनमध्ये आले की पहिल्या दिवशी मऊ भात कर. मेतकूट, आणि मधोमध तुपाचं तळं. भरवलंस तरी चालेल.

बाबा, थेंब वेळेवर घाला आणि डोळ्याला पाणी लागू देऊ नका. गुडघे दुखत असताना पाटावर बसायचा हट्ट आता पुरे. मणक्याच्या दुखण्याने बाबा आमट्यांना बसताच येत नसे, तरी १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडोला निघाले. तुम्हाला तर नुसती खुर्ची घ्यायची आहे. जेवणाच्या टेबलावरचे पेपर आजच उचला.

आंब्याची पेटी माझ्यासाठी राखू नका, शेजारच्या काकूंकडे द्या. बाबांना दिवसाला एकच फोड, आई, तुझ्यावर सोपवतेय. साडेआठच्या आत दोघं जेवून घ्या, नऊला फोन करते. रेंज नसली तर उशीर होईल, जागत बसू नका.

तुमची,
चिमी