बाळाचा लुळा हात: तीन महिने वाट पाहू नका

महोदय,

मी हर्णैची निवृत्त परिचारिका. माझा नातू जन्मला तेव्हा खांदा अडकला आणि मानेतले मज्जातंतू ताणले गेले. उजवा हात अंगाला चिकटून, कोपर ताठ, तळवा मागे वळलेला. प्रसूती झाली तिथे सांगितलं, ‘तेल लावा, होईल बरा.’ आम्ही आठ आठवडे खोबरेल चोळत बसलो. मीही बसले, याचं फार वाईट वाटतं.

तुटलेला तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, आणि वाढताना त्याला पोसणारं द्रव्य, तो ज्या अवयवाकडे जातो, तो अवयवच पुरवतो. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम करत असं द्रव्य शोधलं. 1986 साली स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. द्रव्य मोजकंच, वाटेकरी अनेक. उंदराच्या नवजात पिल्लांत एका जातीचे तंतू नष्ट केले, तर त्याच अवयवात दुसऱ्या जातीचे तंतू दाट पसरतात, कारण त्यांचा वाटा वाढतो. म्हणजे लहानपणीची इजा पुढची सगळी मांडणी बदलते. स्नायूही फार काळ तंतूविना राहिला की सुकत जातो.

बरीच बाळं आपोआप सुधारतात, हे खरं. पण तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. म्हणून पहिल्याच महिन्यात तज्ज्ञाला दाखवा. दापोली, मंडणगडच्या आयांना हे प्रसूतिगृहातून घरी जातानाच कागदावर लिहून मिळालं पाहिजे.

परवा नातवाने माझी नथ ओढली. डाव्या हाताने.

– एक आजी, हर्णै (ता. दापोली)