सूचना : इंग्लंडमध्ये मुलाचा वर्ग कसा ठरतो

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या नव्या पालक-सभासदांसाठी. इथे वर्ग साधारणपणे मार्कशीट बघून नव्हे, जन्मतारीख बघून मिळतो. महाराष्ट्रात तिसरीत असलेलं, आठ पूर्ण झालेलं मूल इथे सहसा इयर फोरमध्ये बसतं. ‘एक यत्ता गाळली’ म्हणून शाळेशी हुज्जत घालू नका; इथली इयर वन पाचव्या वर्षीच सुरू होते, एवढाच फरक.

सीमारेषा ३१ ऑगस्ट. त्या दिवशी २०२१ मध्ये जन्मलेल्या मुलाचं रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा, शाळेतला पहिला वर्ग) सप्टेंबर २०२५ मध्ये. १ सप्टेंबरला जन्मलेल्याचं थेट २०२६ मध्ये!

नॅशनल करिक्युलमचे टप्पे असे : की स्टेज वन ५ ते ७ वर्षं (इयर १-२), टू ७ ते ११ (इयर ३-६), थ्री ११ ते १४ (इयर ७-९), फोर १४ ते १६ (इयर १०-११, शेवटी जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा). रिसेप्शन यात मोडत नाही. स्कॉटलंड-वेल्सची व्यवस्था वेगळी, तिथल्या नातेवाइकांना हे पुढे पाठवू नये.

प्रवेशअर्जाची मुदत : माध्यमिक ३१ ऑक्टोबर, प्राथमिक १५ जानेवारी. अर्ज आपापल्या कौन्सिलकडे करावा.

– कार्यकारिणी