डिस्चार्ज सांगितला म्हणून जेवण बंद: ऑर्थो फीमेल वॉर्डातील प्रकाराबद्दल तक्रार

प्रति,
वैद्यकीय अधीक्षक आणि विश्वस्त मंडळ

विषय: डिस्चार्जच्या दिवशी मधुमेही रुग्णाचं जेवण बंद करणं, फाइल रखडवणं आणि फीडबॅक फॉर्मवर आधीच ‘उत्तम’ला टिक करून सही घेणं.

काल तुमच्या रुग्णसेवा विभागाशी फोनवर झालेल्या बोलण्यानंतर हे लेखी देत आहे. तोंडी सांगण्यात आता अर्थ उरलेला नाही.

रुग्ण माझी आई, वय ७४, खुब्याचं ऑपरेशन. मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ मिक्स्ड इन्सुलिन चालू आहे. हे केसपेपरच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. डिस्चार्जच्या दिवशी साडेसातला इन्सुलिन दिलं, आठला नाश्ता दिला. साडेनऊच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी, सरांनी, ‘आज सोडा’ म्हणून सांगितलं. सिस्टरांनी सिस्टिममध्ये डिस्चार्ज टाकला आणि किचनच्या यादीतून आईचं नाव उडालं. साडेबाराला ट्रॉली आली, आजूबाजूच्या बेडना ताटं मिळाली, आईला नाही. मावशी म्हणाल्या, यादीत नाव नाही. त्यांची चूक नाही, त्यांच्या हातात जी यादी दिली जाते त्याप्रमाणेच त्या वाढतात. चूक ती यादी बनवणाऱ्यांची आहे. डिस्चार्ज सांगणं आणि पेशंट घरी जाणं यात तुमच्याकडे अख्खा दिवस जातो, हे तुमच्या सिस्टिमला माहीतच नाही.

मिक्स्ड इन्सुलिनमधला लांब चालणारा भाग दुपारीही काम करत राहतो. सकाळच्या डोसला दुपारचं जेवण लागतंच. पावणेदोनला आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर साखर ५८, म्हणजे फारच कमी. सिस्टरांनी लगेच पाण्यातून साखर दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग बिस्किटं दिली. त्यांनी सगळं वेळेत आणि बरोबर केलं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. पण डिस्चार्ज समरी, म्हणजे उपचारांचा सारांश, बाराला टाइप होऊन सही झाली होती, त्यामुळे या ५८ ची नोंद तिच्यात नाही. घरी घ्यायचा इन्सुलिनचा डोस तोच ठेवलेला आहे. कोणी पुन्हा पाहिला का?

बाहेरून डबा का आणला नाही, असं विचाराल. पेशंटमागे पास एकच. जवळचा माणूस खाली उतरला की पास त्याच्याबरोबर जातो आणि बेडपाशी कोणी उरत नाही. डबा घेऊन आलेल्या भावाला गेटवर अडवलं, कारण भेटीची वेळ चार ते सहा. म्हणजे रुग्णालयानं जेवण द्यायचं नाही आणि घरच्यांनाही देऊ द्यायचं नाही.

आता उशीर का झाला ते. टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे दावे पाहणाऱ्या टेबलावर, दिवसभर एकच उत्तर होतं: ‘कंपनीचं अप्रूव्हल आलं नाही.’ हे खोटं आहे. विमा कंपनीच्या कस्टमर केअरनं वेळा सांगितल्या. तुमचं अंतिम बिल त्यांना ३.१० ला मिळालं. ३.४० ला त्यांनी इम्प्लांटचं (खुब्यात बसवलेल्या भागाचं) स्टिकर आणि इन्व्हॉइस मागितलं. तुम्ही ते ५.१५ ला पाठवलं. ५.५० ला मंजुरी आली. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून कंपनीला ३ तास आहेत, आणि कंपनी त्या मुदतीत राहिली. साडेनऊ ते तीन फाइल तुमच्याकडेच होती: समरीसाठी आरएमओ (निवासी डॉक्टर) ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, सुटण्याची वाट, मग उरलेली औषधं फार्मसीत परत होईपर्यंत, मग लॅबचं क्लिअरन्स, मग बिलिंगची जेवणाची सुट्टी. खुब्याच्या ऑपरेशनला इम्प्लांटचं स्टिकर आणि इन्व्हॉइस प्रत्येक कंपनी मागते. स्टिकर ओटी नोट्सना चिकटवलेलं असतं, इन्व्हॉइस स्टोअरमध्ये असतं. पहिल्याच मेलला दोन्ही जोडलं असतं तर दोन तास वाचले असते. वर बारानंतर थांबल्याचं अर्ध्या दिवसाचं बेडभाडं लावलं. कंपनीनं ते कापलं आणि तुम्ही आमच्याकडून रोख घेतलं.

हे सगळं काल फोनवर सांगत असताना तुमच्या बाईंनी मला मध्येच थांबवलं. ‘तुम्ही तर फॉर्मवर सगळीकडे उत्तम टिक केलंय.’ मी विचारलं, कुठला फॉर्म? ‘डिस्चार्ज कार्ड घेताना भरता तो. सही तुमचीच आहे ना?’ सही माझीच आहे. तो कागद गेटपासबरोबर पुढे सरकवला जातो, टिक आधीच केलेले असतात आणि ‘इथे सही करा, मग गेटपास देते’ असं सांगितलं जातं. आई व्हीलचेअरवर बसलेली होती, ती व्हीलचेअरही माझं आधार कार्ड ठेवून मिळालेली. मी बाईंना विचारलं, आहाराच्या रकान्यात काय आहे? ‘उत्तम.’ म्हटलं, त्या दिवशी दुपारचं जेवण दिलंच नाही, मग उत्तम काय होतं? यावर उत्तर आलं: ‘एक वेळचं जेवण चुकलं तर एवढं काय? घरी कधी उशीर होत नाही का?’ साखर ५८ झाली होती, हे मी तोपर्यंत दोनदा सांगून झालं होतं. मग होल्डवर ठेवलं आणि फोन कट झाला.

घरी इन्सुलिन दिल्यावर आम्ही जेवण चुकवत नाही. ते तुमच्याकडे झालं. लॉबीत रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं प्रमाणपत्र लावलेलं आहे. त्यांच्यापुढे रुग्णांचं समाधान म्हणून हेच आधीच टिक केलेले फॉर्म ठेवता का, याचं उत्तर मला विश्वस्तांकडून हवं आहे. ट्रस्टचं रुग्णालय, इथे माणसाला माणसासारखं वागवतात, म्हणून आमच्या घरातले सगळे इथेच येत आले. यापुढे कोणाला इथे या म्हणून सांगायचं माझं धाडस होणार नाही.

गेटपास निघेपर्यंत आहाराची यादी बंद होता कामा नये. हा बदल सिस्टिममध्ये करायचा आहे, सिस्टरांच्या तोंडी आठवणीवर सोडायचा नाही. आदल्या संध्याकाळीच उद्याच्या डिस्चार्जच्या समरी आणि औषधं परत करण्याचं काम सुरू करा. दुपारच्या जेवणाच्या वेळी पास नसलेल्या एका नातेवाइकाला डबा बेडपर्यंत नेऊ द्या. फीडबॅक फॉर्मचा गेटपासशी संबंध तोडा आणि माझ्या सहीचा फॉर्म रद्द केल्याचं लेखी कळवा. अर्ध्या दिवसाचं बेडभाडं परत करा. त्या दिवसाचा नर्सिंग चार्ट आणि साखरेच्या नोंदींची प्रत मला हवी आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीपासून ७२ तासांत ती द्यावी लागते, आणि हे पत्र हीच ती मागणी समजावी. सरांनी दुरुस्त समरी देऊन इन्सुलिनच्या डोसबद्दल स्पष्ट सांगावं. हे सर्वांत आधी, कारण आई रोज तोच डोस घेते आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर नर्सिंग होम नोंदणी नियमांखाली महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. डिस्चार्ज समरी, अंतिम बिल, बेडभाड्याची रोख पावती आणि कंपनीच्या मंजुरीचा वेळ दाखवणारा मेल सोबत जोडला आहे.

रुग्णाची मुलगी