"काका, आज वजन किती?" असं विचारणाऱ्या सिस्टरना

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण वाचलं की कळेलच तुम्हाला. बार्शीचे किराणा दुकानवाले काका, ज्यांना तुम्ही वर्षभर दर मंगळवारी फोन करायचात, त्यांची मी मुलगी. मागच्या महिन्यात अण्णांचा शेवटचा फॉलोअप झाला, तुम्ही त्यांची फाईल बंद केलीत आणि मला जे बोलायचं होतं ते ओपीडीच्या गर्दीत राहूनच गेलं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

अण्णांना अटॅक आला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. छातीत जळजळतंय म्हणाले, आईने लिंबू सोडा दिला, पाठ चोळून दिली, पित्त असेल सकाळी बघू म्हणत दोघं बसून राहिले आणि सोलापूरला हॉस्पिटलात पोचेपर्यंत साडेआठ वाजले. स्टेंट टाकला, जीव वाचला, पण हृदयाचा जो भाग गेला तो गेलाच, इकोमध्ये ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३० टक्केच आला, खूप कमी. मी पुण्याला असते, मला आईने फोन केला तो सकाळी सहाला. आयसीयूच्या बाहेर मी आईवर केवढी चिडले होते ते तुम्ही बघितलंय. तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की आपल्या देशात ८९ हॉस्पिटलांमधल्या २०,४६८ पेशंटचा एक मोठा अभ्यास झालाय, क्रिएट नावाचा, २००८ साली लॅन्सेटमध्ये आला होता, आणि त्यात निम्म्या लोकांना हॉस्पिटलात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. "ताई, तुमच्या आईंची चूक नाही, आपल्याकडे सगळीकडे हेच होतं, म्हणून तर हे मोजावं लागतं." त्या एका वाक्याने आई आणि माझ्यामधलं केवढं काय वाचलं ते तुम्हाला सांगायचंच राहिलं होतं.

मग तिसऱ्या दिवशी तुम्ही फॉर्म घेऊन आलात. रिसर्च हा शब्द ऐकल्यावर दादा भडकलाच, आमच्या बापावर प्रयोग करणार का म्हणाला, आणि खरं सांगते माझ्याही मनात तेच होतं. तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि मराठीतला फॉर्म अक्षरशः ओळ न ओळ वाचून दाखवलात. की औषधं दोन्ही गटांना तीच, डॉक्टर तेच, फरक एवढाच की एका गटाला घरी रोज वजन करायला काटा, एक वही आणि दर आठवड्याला सिस्टरचा फोन, दुसऱ्या गटाने नेहमीसारखं तारखेला ओपीडीत यायचं. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टर नाही आणि तुम्हीपण नाही. आणि मधेच कधीही नको म्हणालात तरी इलाज तोच राहील. दादाने विचारलं, हे चांगलंय तर मग सगळ्यांनाच का देत नाही? तुम्ही म्हणालात, "चांगलंय असं आपल्याला वाटतंय, पण वाटणं आणि असणं यातला फरक कळायलाच हे करतोय." अण्णांनी तिथेच पेन मागितला. चाळीस वर्षं तराजू धरलेला माणूस, त्यांना ते लगेच पटलं.

अण्णांची चिठ्ठी फोनवाल्या गटात निघाली. ज्यांची दुसऱ्या गटात निघाली त्यांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. त्यांच्याकडे कुणी फोन केला नाही पण त्यांचेही आकडे लिहिले गेलेत, आणि त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय अण्णांच्या वहीला काही अर्थच नाही. त्या सगळ्या घरांचेपण आभार मानायचेत मला, ती माणसं मला कधी भेटणार नाहीत म्हणून तुमच्याकडूनच पोचवते.

घरी आल्यावर मला वाटलं सुटलो. तुम्ही मात्र डिस्चार्जच्या वेळीच बजावलं होतं की खरं काम आता सुरू. नंतर मी वाचलं तेव्हा कळलं असं का म्हणालात. त्रिवेंद्रमला २०१३ साली १८ हॉस्पिटलांमधल्या हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे अण्णांसारखं हृदय कमजोर पडलेल्या, १,२०५ पेशंटची नोंद ठेवली होती, त्यातले साधारण तीस टक्के वर्षभरातच गेले. ते वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्यातच हेही होतं की ज्यांना नीट ठरलेली औषधं मिळाली ते जास्त टिकले. मग तुम्ही गोळ्यांबद्दल इतक्या मागे का लागता ते समजलं.

त्या गोळ्यांवरून आमच्या घरात काय काय झालं! डापाग्लिफ्लोझिन लिहून दिली तेव्हा मेडिकलवाला म्हणाला ही तर शुगरची गोळी, अण्णांना शुगर नाही, झालं, आईने ती डब्यातून काढूनच ठेवली. मंगळवारी तुमच्या लक्षात आलं कारण तुम्ही नुसतं "गोळ्या घेता ना" असं विचारत नाही, पाकिटात किती उरल्या ते मोजायला लावता. मग तुम्ही आईला समजावलंत की २०१९ साली ४,७४४ हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर ही गोळी तपासली, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना शुगर नव्हतीच आणि त्यांनाही फायदा झाला. आईला त्या अभ्यासाचं डापा-एचएफ हे नाव वगैरे काही लक्षात राहिलं नाही पण "शुगर नसलेल्यांनापण" एवढं राहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी परत डब्यात.

मिठाचं तर मी केलं. पुण्याहून मोठ्या प्रेमाने लो सोडियम मीठ घेऊन गेले, दोन पाकिटं, मीठ कमी करायचंय ना मग हेच बरं म्हणून. तुम्हाला सहज सांगितलं तर तुमचा आवाजच बदलला. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि अण्णांच्या दोन गोळ्या आधीच पोटॅशियम वाढवणाऱ्या, वरून भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतोय. तुम्ही त्याच दिवशी रक्त तपासायला लावलंत, पोटॅशियम ५.८ आलं, हवं त्यापेक्षा जास्त. डॉक्टरांनी डोस कमी केला, मीठ आणि शहाळी बंद, आठवड्याने परत तपासलं तर खाली आलं होतं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूसुद्धा शकतं हे तेव्हा कळलं. हे लिहितानाही हात थरथरतोय माझा. कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर ते पाकीट डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, प्लीज.

आणि एक गोष्ट जी अण्णांनी आम्हाला कुणालाच सांगितली नव्हती. छातीवर गाठीसारखं सुजलं होतं, शर्ट लागला तरी दुखायचं, बायकांसारखं दिसतंय म्हणून बिचारे बंडी घालून आंघोळीला जायचे. तुम्ही फोनवर सरळ विचारलंत, "काका छातीला सूज, दुखणं असं काही? स्पायरोनोलॅक्टोनने दहातल्या एका पुरुषाला होतं, लाजू नका." हा आकडा १९९९ च्या राल्स नावाच्या अभ्यासातला, त्यातच कळलं होतं की ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे गोळी सोडून चालणार नव्हतं, मग डॉक्टरांनी बदलून त्याच जातीची एप्लेरेनोन दिली. अण्णा तेव्हा आईला म्हणाले, मला वाटलं मलाच काहीतरी वेगळं झालंय.

आता श्रावणातलं सांगते, ज्याच्यासाठी खरंतर हे सगळं लिहितेय. अण्णांचे गुडघे दुखत होते, शेजारच्यांनी दिलेल्या पेनकिलरच्या गोळ्या त्यांनी चार दिवस घेतल्या. वहीत रविवारी ६१.४, सोमवारी ६२.३, मंगळवारी ६३.६. अण्णांना वाटलं खाणं सुधारलं, खूश होते. तुम्ही फोनवर आकडे ऐकले आणि विचारलंत, रात्री उशा किती घेता? तीन, म्हणाले. आधी एक होती. आम्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं की माणूस आडवा झोपू शकत नाहीये! पेनकिलरने अंगात पाणी धरलं होतं. तुम्ही फोन ठेवून डॉक्टरांशी बोललात, दहा मिनिटांत परत फोन, पेनकिलर बंद, लघवीवाटे जादा पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस वाढवला, आणि सकाळपर्यंत उतार नाही पडला तर सरळ इकडे या. रात्री साडेनऊला परत तुमचाच फोन, तो तर ड्युटीतला नव्हताच ना? शुक्रवारी वजन ६१.८ वर आलं. अॅडमिट करावं लागलं नाही.

डॉक्टरांचे आभार आम्ही मानलेत, मनापासून मानलेत. पण रिसर्चचा पेपर छापला जाईल तेव्हा त्यात असेल "टेलिफोनिक फॉलोअप" असं काहीतरी दोन शब्दांत. त्या दोन शब्दांत तुमचे अण्णांना केलेले बावन्न फोन आहेत, आईला पापड लोणच्याच्या बरणीवरून रागावणं आहे, दादाने फोन उचलला नाही म्हणून दुकानाच्या नंबरवर केलेला फोन आहे. ते तिथे कुणाला दिसणार नाही म्हणून मी इथे लिहून ठेवतेय.

अभ्यास संपला, काटा हॉस्पिटलने आमच्याकडेच राहू दिला. पहिली वही तुम्ही जमा केलीत तर अण्णांनी दुकानातली नवी लाल खतावणी काढलीय, रोज सकाळी लघवीला जाऊन आले की चहाच्या आधी, तुम्ही सांगितलं तस्सं. आणि मंगळवारी अकरा वाजता अजून फोन जवळ घेऊन बसतात, म्हणून या मंगळवारचं मीच सांगते. वजन ६०.९, उशी एक, पायाला सूज नाही, गोळ्या मोजल्या, बरोबर आहेत.

तुमची,
बार्शीच्या काकांची मुलगी